धाडसाचे खेळ आणि मनाची तालीम

भीती हा विषय आपल्या तालमींत आणि व्यायामशाळांत उघडपणे बोलण्याचा समजला जात नाही. दोरीच्या मल्लखांबावर उलटे लटकलेले मूल क्षणभर थबकले की खालून "घाबरतोस काय, सोड हात!" अशी आरोळी येते; मूल हात सोडते, आणि बहुधा काही वाईट घडत नाही. तेवढ्यावरून ही शिक्षणपद्धती यशस्वी आहे असे मानण्याचा प्रघात पडला आहे. ज्या मुलाने हात सोडला नाही आणि जे पुढच्या आठवड्यापासून यायचेच बंद झाले, त्याची नोंद मात्र कोणत्याही हजेरीपटात राहत नाही.

पुण्याच्या कर्वेनगरसारख्या उपनगरात हा प्रश्न आता नव्या रूपात उभा आहे. जुनी मंडळी ज्यास हिंगणे बुद्रुक म्हणत, ते हे गाव. धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली आपला आश्रम येथे आणला तेव्हा हा माळ होता, आणि फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे अध्यापन आटोपून अण्णा रोज चिखल तुडवीत येथवर चालत येत. आज त्याच भूमीवर शिक्षक, कारकून, अभियंते, निवृत्त अधिकारी यांच्या गृहरचना संस्था उभ्या आहेत आणि त्यांतील मुलामुलींच्या पायांत चाकांचे बूट आले आहेत. कोणी स्केटिंग शिकतो, कोणी कृत्रिम भिंतीवर प्रस्तरारोहणाचा सराव करतो, कोणी रविवारी पहाटे सिंहगडाची वाट धरतो. पालक या छंदांवर खर्च करतात आणि तो हात आखडून करीत नाहीत. बूट, शिरस्त्राण, गुडघ्याचे व कोपराचे पट्टे, दोर, शिकवणीचे शुल्क, स्पर्धेचा प्रवास अशी यादी वाढत जाते. या यादीत मनाच्या तयारीचे कलम मात्र सहसा आढळत नाही. शरीराला शिकवावे लागते आणि मन आपोआप शिकते, अशी आपली एक सार्वत्रिक समजूत आहे.

येथे ज्या खेळांचा विचार करावयाचा आहे त्यांना पाश्चात्त्य देशांत 'पर्यायी' खेळ म्हणतात. क्रिकेट, फुटबॉल, टेनिस यांच्याप्रमाणे ज्यांच्याभोवती प्रेक्षागारे, तिकिटे आणि जाहिराती उभ्या राहिल्या नाहीत, असे हे खेळ : प्रस्तरारोहण, स्केटबोर्ड, डोंगरवाटांवरील दीर्घ पल्ल्याच्या धावा, कसरतीची सायकल इत्यादी. तेथे हे नव्या पिढीने बंडखोरीच्या भावनेने काढलेले खेळ होत. महाराष्ट्रात गंमत अशी की, आपले सर्वांत जुने खेळच 'पर्यायी' होऊन बसले आहेत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ज्याचे पुनरुज्जीवन केले तो मल्लखांब, किंवा डेक्कन जिमखान्याने ज्याचे नियम प्रथम बांधून दिले तो खो-खो, यांची आर्थिक अवस्था स्केटबोर्डहून फारशी वेगळी नव्हती. अलीकडे ती थोडी पालटू लागली आहे. खो-खोची व्यावसायिक साखळी २०२२ साली बालेवाडीत सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले, आणि त्यांतील पुरुष संघाचे नेतृत्व पुण्याच्या प्रतीक वाईकर यांनी केले. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर झाली. प्रस्तरारोहण आणि स्केटबोर्ड हे दोन्ही खेळ टोकियोच्या, म्हणजे २०२१ साली पार पडलेल्या, ऑलिंपिकमध्ये प्रथमच आले. स्केटबोर्डच्या एका स्पर्धेत सुवर्ण व रौप्य पदके मिळविणाऱ्या दोन्ही मुली तेरा वर्षांच्या होत्या आणि कांस्यपदक मिळविणारी सोळा वर्षांची. म्हणजे आपल्याकडे ज्या वयात मूल आठवीच्या वर्गात बसलेले असते त्या वयात जगाचे डोळे अंगावर घेण्याची पाळी या खेळांत येऊ शकते.

प्रतिष्ठित खेळांनी मनाच्या शिक्षणाची निकड केव्हाच ओळखली आहे. २०११ चा क्रिकेट विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाबरोबर मानसिक तयारीसाठी दक्षिण आफ्रिकेचे पॅडी अप्टन होते. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे गुकेश बुद्धिबळाचा जगज्जेता झाला तेव्हाही त्याच्या साहाय्यकांत तेच होते. पैसा जेथे आहे तेथे तज्ज्ञ आहे, यात नवल नाही. परंतु ज्या खेळात चूक झाल्यास केवळ यष्टी जात नसून हाडे मोडतात, क्वचित प्राणही जातो, त्या खेळात मात्र मनाचे शिक्षण 'सोड हात' या दोन शब्दांवर सोडून दिलेले असावे, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

शंभर वर्षांचे शास्त्र

क्रीडामानसशास्त्र हे काही काल-परवाचे खूळ नव्हे. सायकलस्वार एकटा असताना जेवढ्या वेगाने जातो त्याहून इतरांच्या बरोबरीने अधिक वेगाने का जातो, या प्रश्नाचा अभ्यास नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन संशोधकाने १८९८ मध्येच प्रसिद्ध केला. कोलमन ग्रिफिथ यांनी १९२५ साली इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या मनोव्यापारांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा काढली. एडमंड जेकब्सन या वैद्याने स्नायू एकेक करून आवळायचे व सैल सोडायचे, अशी शिथिलीकरणाची पद्धती १९२९ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. ती आजही जवळजवळ तशीच शिकवली जाते. याच जेकब्सन यांनी पुढे असेही दाखवले की, हात वाकवण्याची नुसती कल्पना केली तरी त्या हाताच्या स्नायूंत सूक्ष्म विद्युत्‌क्रिया नोंदवता येते. मनात केलेला सराव हा अगदीच हवेतला नसतो, याचा हा एक आरंभीचा पुरावा होय.

तथापि कर्वेनगरच्या एखाद्या पालकाला ट्रिप्लेट आणि जेकब्सन यांपेक्षा नेदरलँड्समधील एक प्रयोग अधिक बोलका वाटेल. आम्स्टरडॅम येथील काही संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात कृत्रिम भिंतीवर आडवी जाणारी एकच वाट दोनदा बसवली. एक जमिनीलगत, दुसरी कित्येक मीटर उंचीवर. खोबण्या त्याच, त्यांतील अंतरे तीच, आणि आरोहक सुरक्षेच्या दोराला बांधलेले. वस्तुतः दोन्ही ठिकाणी काम तंतोतंत सारखे होते. परंतु वरच्या वाटेवर नवशिक्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, त्यांना वेळ अधिक लागला, खोबणी चाचपून पाहण्याच्या निरर्थक हालचाली वाढल्या. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, आपला हात कोठवर पोहोचेल याचा त्यांचा स्वतःचा अंदाजच आखूड झाला. भीतीने माणसाचा हात लांबीने कमी झाला नव्हता. पण त्याच्या लेखी तो कमी झाला होता, आणि तो वागला त्या आखूड हाताच्या हिशोबाने.

हा निष्कर्ष नीट समजून घेतला म्हणजे 'घाबरू नकोस' हा उपदेश किती निरुपयोगी आहे हे ध्यानात येते. भीती ही नैतिक उणीव नसून ती नजरेवर, श्वासावर आणि अंदाजावर होणारी एक मोजता येण्याजोगी क्रिया आहे. जे मोजता येते ते बऱ्याच अंशी शिकवता येते. भिंतीवर थबकलेल्या मुलीला 'घाबरू नकोस' म्हटल्याने तिच्या हाती काहीच लागत नाही. उलट 'आधी श्वास पूर्ण बाहेर सोड, मग टाचा खाली कर, मग डाव्या पायाजवळची खोबणी पाहा' असे म्हटले की तिला करावयास तीन कामे मिळतात, आणि त्या कामांत गुंतलेले मन उंचीचा विचार काही काळ बाजूस ठेवते. मानसिक कौशल्यांचे प्रशिक्षण म्हणतात ते बहुतांशी अशाच साध्या गोष्टींचे बनलेले असते : श्वासावर ताबा, स्नायूंचे शिथिलीकरण, स्वतःशी बोलावयाचे नेमके शब्द, करावयाच्या हालचालींचे मनात केलेले चित्रण, आणि गाठता येईल असे पुढचे उद्दिष्ट.

यांपैकी मनश्चित्रणाविषयी थोडे विस्ताराने सांगावयास हवे, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत. डोळे मिटून आपण पदक स्वीकारीत आहोत असे दृश्य पाहणे म्हणजे मनश्चित्रण नव्हे. तो दिवास्वप्नाचा प्रकार झाला. खरे मनश्चित्रण कंटाळवाणे असते. मल्लखांबपटूने आपला संच मनात त्याच गतीने करावयाचा, पकड कोठे बदलते, मांडीवर लाकडाचा स्पर्श कसा होतो, श्वास कोठे रोखला जातो हे सर्व अनुभवीत, आणि शक्य तर मल्लखांबाशेजारी उभे राहून. चुकीचा क्षण आला की तेथे थांबून ती चूक कशी सावरावयाची तेही मनातच करून पाहावयाचे. प्रस्तरारोहणाच्या स्पर्धेत तर या कौशल्याला नियमांनीच स्थान दिले आहे. दोर लावून करावयाच्या आरोहणात स्पर्धकांना ती वाट ठराविक मिनिटे खालून पाहू देतात, आणि मग आपली पाळी येईपर्यंत सर्वांना एका बाजूच्या खोलीत ठेवतात. आधीचा स्पर्धक कोठे घसरला हे कोणालाही दिसत नाही. तास-दीड तास त्या खोलीत बसावे लागणे ही शरीराची परीक्षा नव्हेच. ज्याने मनात वाट चढून पाहण्याची सवय केली आहे तो हा वेळ कामी लावतो. दुसऱ्याचा वेळ त्यालाच पोखरीत राहतो.

याउलट उद्दिष्ट ठरविण्याविषयी फार सांगण्यासारखे नाही; ती गोष्ट चांगले शिक्षक पूर्वीपासून करीत आले आहेत. हंगेरियन वंशाचे मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रस्तरारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक अशा लोकांना आपल्या कामात तल्लीनता केव्हा येते हे विचारले होते. आव्हान आणि कौशल्य जेथे जवळजवळ तोलाचे असतात तेथे, असे त्यांना आढळले. आव्हान थोरले असले की चिंता, धाकटे असले की कंटाळा. वर्गात चाळीस मुलांना एकच गणित घालणाऱ्या शिक्षकालाही हा अनुभव परका नसावा.

महाराष्ट्रात हे शास्त्र रुजवण्याचे मोठे श्रेय नाशिकच्या भीष्मराज बाम यांच्याकडे जाते. भारतीय पोलीस सेवेतील हा अधिकारी स्वतः नेमबाज होता. पातंजल योगातील धारणा व ध्यान या कल्पना त्यांनी नेमबाजीच्या मैदानावर आणल्या आणि तेथून त्या क्रिकेट, बिलियर्ड्स, धावणे अशा नाना खेळांत नेल्या. राहुल द्रविड, गीत सेठी, अंजली भागवत यांसारख्या खेळाडूंना त्यांचे मार्गदर्शन लाभले. 'विजयाचे मानसशास्त्र' हे त्यांचे मराठी पुस्तक आजही वाचण्याजोगे आहे. २०१७ मध्ये बाम निवर्तले. त्यांच्या कार्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या होत्या. एक अशी की, मनाचे शिक्षण मराठीतून, घरच्या शब्दांत देता येते. त्यासाठी परदेशी परिभाषेचे कुबड लागत नाही. दुसरी अशी की, त्याला महागडी साधने लागत नाहीत. एक शांत खोली, एक जाणता शिक्षक आणि रोजची वीस मिनिटे एवढे भांडवल पुरते. दुर्दैवाने आपण यातील पहिली गोष्ट कौतुकाने सांगतो आणि दुसरीचा विसर पडू देतो.

परत फिरण्याचे कौशल्य

मनाच्या शिक्षणाविषयी एक शंका मात्र रास्त आहे, आणि तिचे उत्तर दिल्यावाचून या शिक्षणाचा पुरस्कार करणे बेजबाबदारपणाचे होईल. खेळाडूचे मन कणखर केले, त्याची भीती दूर केली, तर तो नको तेथे जाणार नाही काय? मैदानी खेळात अतिआत्मविश्वासाने सामना जातो. कड्यावर आणि हिमशिखरावर त्याची किंमत निराळी असते.

मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर जे घडले ते या संदर्भात मुद्दाम आठवण्याजोगे आहे. दुपारी अमुक वाजेपर्यंत शिखर गाठले नाही तर जेथे असू तेथून परत फिरायचे, हा तेथील जुना व शहाणा संकेत. त्या दिवशी शिखराकडे निघालेल्या पथकांतील अनेकांनी ती वेळ टळून गेल्यावरही चढाई चालू ठेवली. संध्याकाळी वादळ आले आणि डोंगराच्या दोन्ही बाजू मिळून आठ जण मरण पावले. त्यांत तीन भारतीय होते. या माणसांत धैर्याची वाण नव्हती. नेमक्या त्याच महिन्यात त्याच डोंगरावर स्वीडनचा योरान क्रॉप हा आरोहक होता. तो स्वीडनहून नेपाळपर्यंत सायकलीने आला होता. शिखर सुमारे शंभर मीटरांवर दिसत असता, उशीर झाला आहे असे पाहून तो परत फिरला. तीनेक आठवड्यांनी तो पुन्हा वर गेला आणि शिखरावर पोहोचला.

अर्थशास्त्रात 'बुडीत खर्च' नावाची एक कल्पना आहे. जो खर्च होऊन गेला आणि आता कोणत्याही उपायाने परत येणार नाही, त्याचा पुढच्या निर्णयावर परिणाम होऊ देऊ नये, असे पाठ्यपुस्तक सांगते. माणसे नेमके उलट वागतात. तिकीट काढले म्हणून रटाळ नाटक शेवटपर्यंत पाहतात. आणि पैसा, रजा, वर्षभराचा सराव खर्ची पडला म्हणून मावळत्या उन्हात वर चढत राहतात. क्रॉपने सायकलीवरचे सारे मैल त्या क्षणी हिशोबातून वगळले. ही उपजत बुद्धी नसून ते शिकवता येण्याजोगे कौशल्य आहे, आणि शिकवण्याची रीतही ठाऊक आहे : परतीची वेळ खाली, थंड डोक्याने, कागदावर लिहून ठरवावयाची आणि ती पाळण्याचा अधिकार शक्यतो दुसऱ्याच्या हाती ठेवावयाचा. प्राणवायू विरळ झालेल्या उंचीवर माणसाने स्वतःशी वाटाघाट करू नये, हा त्यामागील हेतू.

पुण्याला हा प्रश्न परका नाही. १९९८ मध्ये पुण्याच्या सुरेंद्र चव्हाणांनी एव्हरेस्ट सर केले. 'गिरिप्रेमी' या पुण्यातील संस्थेने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ मध्ये आठ गिर्यारोहकांना एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचवले आणि १५ मे २०१९ रोजी दहा जणांना कांचनजंगाच्या. अशा नागरी मोहिमांमागे सरकारी खजिना नसतो. लोकवर्गणी आणि देणग्या यांवर त्या उभ्या राहतात. गावाने पैसा दिलेला असतो, निरोपाचे समारंभ झालेले असतात, वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापलेली असतात. हा सारा आपुलकीचा भार पाठीवर असताना पाऊल मागे घेणे किती अवघड, याची कल्पना देणगी देणाऱ्यांनी एकदा करून पाहावी. सत्कार शिखर गाठणाऱ्याचे होतात; वेळेवर परत फिरलेल्याला हार घातल्याचे क्वचितच कोठे ऐकिवात येते.

उंच शिखरांपुरतीच ही गोष्ट मर्यादित नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने सांघिक अंतिम फेरीतून मध्येच माघार घेतली. हवेत गिरकी घेत असता आपले शरीर कोठे आहे याचे भान सुटते आहे, असे तिच्या ध्यानात आले होते. तिच्यावर टीका करणारे पुष्कळ निघाले. परंतु मल्लखांबाच्या किंवा दोरीच्या वस्तादाला विचारा. भान सुटणे म्हणजे काय आणि त्यानंतर हट्टाने केलेली उडी कोठे संपते, हे तो सांगू शकेल. बाइल्स २०२४ मध्ये पॅरिसला परत आली आणि तीन सुवर्णपदके घेऊन गेली. 'आज नको' असे वेळीच म्हणता येणे हे तिच्या तयारीचा भाग होते, असे मानावयास हरकत नाही. आपल्याकडे दहा वर्षांच्या मुलाने 'सर, आज नको' असे म्हटल्यावर काय होते, याचा विचार प्रत्येक क्रीडाशिक्षकाने मनाशी करावा.

सोनेरी प्रमाणपत्र

मुलाला 'आज नको' म्हणू न देण्यामागे केवळ शिक्षकाचा करडेपणा नसतो. त्यामागे मोबदल्याची एक व्यवस्था आहे. विशिष्ट पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. राज्याच्या शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. या तरतुदींचा हेतू चांगला आहे, आणि ग्रामीण भागातील अनेक कबड्डीपटू व धावपटूंच्या घरी त्यांमुळे चूल पेटली आहे, हे नाकारून चालणार नाही. परंतु मध्यमवर्गीय वस्तीत या तरतुदींनी एक विचित्र गणित जन्माला घातले. कोणत्या खेळात स्पर्धक कमी आहेत, कोठे प्रमाणपत्र लवकर मिळेल, याची चौकशी करून मुलाचा खेळ ठरविला जाऊ लागला. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आली ती याच गणिताची टोकाची परिणती.

मोबदल्याने उत्साह वाढतो, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा. त्या धड्याला एक महत्त्वाचा अपवाद मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिला आहे. मार्क लेपर आणि त्यांचे सहकारी यांनी १९७३ साली अमेरिकेतील एका बालवाडीत आपण होऊन आवडीने चित्रे काढणारी मुले निवडली. त्यांपैकी काहींना चित्रे काढल्यास सोनेरी मोहोर व फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल असे आधीच सांगितले, आणि ते दिलेही. काही दिवसांनी पाहिले तो, प्रमाणपत्राच्या आशेने चित्रे काढलेली ही मुले मोकळ्या वेळात इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रे काढीत होती. जे आनंदासाठी चालले होते ते मजुरीचे काम झाले, आणि मजुरी थांबताच कामही थांबले. ज्यांना प्रमाणपत्राची कल्पना नव्हती आणि अचानक ते मिळाले, त्यांच्या आवडीत असा फरक पडला नाही.

स्केटिंगच्या वर्गात सात-आठ वर्षांच्या मुलांची जेवढी गर्दी असते तेवढी पंधरा-सोळाव्या वर्षी का दिसत नाही, याचे एक कारण दहावीचा अभ्यास हे आहेच. पण तेच एक कारण असते तर दहावी आटोपल्यावर बूट पुन्हा माळ्यावरून खाली आले असते. ज्या मुलाला पडण्याच्या भीतीशी कसे वागावे हे कोणी शिकवले नाही आणि ज्याला प्रत्येक पडण्यामागे एक गमावलेले प्रमाणपत्र दिसत होते, त्याने सुटकेचा निःश्वास टाकून बूट माळ्यावर ठेवले, तर त्यात त्याचा दोष किती?

आता प्रश्न उरतो तो हे शिक्षण द्यावे कोणी आणि कोणाच्या पैशाने, हा. खासगी क्रीडामानसशास्त्रज्ञाची सेवा मोठ्या शहरांत उपलब्ध आहे. परंतु एखाद्या कारकुनाला मुलीच्या प्रस्तरारोहणासाठी ती घेणे परवडेल असे नाही. बाजारावर सोडल्यास हे शिक्षण त्यांनाच मिळेल ज्यांना त्याची गरज तुलनेने कमी आहे. म्हणून ते सार्वजनिक संस्थांकडे यावयास हवे, आणि यासाठी नवीन इमारत, नवीन मंडळ, नवीन संचालक असल्या गोष्टींची काही आवश्यकता नाही. पुण्यातील अनेक महाविद्यालयांत मानसशास्त्राचा विभाग आहे आणि शारीरिक शिक्षणाचा संचालकही आहे. दोघे एकाच शिक्षककक्षात चहा घेतात. एकाकडे जे ज्ञान आहे त्याची दुसऱ्याच्या विद्यार्थ्यांना निकड आहे, हे मात्र वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानी येत नाही. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रकल्प हवा असतो आणि तो बहुधा प्रश्नावल्या वाटून पुरा केला जातो. त्याऐवजी त्याने एक सत्रभर जवळच्या मल्लखांबाच्या किंवा स्केटिंगच्या वर्गात आठवड्यातून दोनदा अर्धा तास श्वसन, शिथिलीकरण आणि मनश्चित्रण यांचा सराव घेतला, तर दोन्ही बाजूंचे काम होईल. अर्थात देखरेख अनुभवी प्राध्यापकाची हवी. मर्यादाही स्पष्ट हवी : हे कौशल्यांचे शिक्षण आहे, उपचार नव्हे. ज्या मुलाची चिंता खेळापुरती नाही, ज्याची झोप व भूक गेली आहे, त्याला वैद्यकीय तज्ज्ञाकडे पाठविणे हेच शिक्षकाचे कर्तव्य ठरते.

क्रीडाशिक्षकांचा याला विरोध होईल असे काही जण म्हणतात. तो सरसकट होईल असे वाटत नाही. ज्या वस्तादांनी आयुष्यभर मुले घडवली त्यांना यातील पुष्कळ गोष्टी अनुभवाने माहीत असतात; त्यांनी त्यांना नावे दिलेली नसतात एवढेच. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी दिव्यांग मुलामुलींपर्यंत मल्लखांब नेला. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्याला खांब दिसत नाही किंवा ज्याचे शरीर इतरांसारखे चालत नाही त्याला त्यावर चढविणारा शिक्षक 'सोड हात' अशी नुसती आरोळी मारून काही साधू शकला नसता. त्याने ते साधले कसे, हे लिहून घेण्याचे काम मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी केले तर विभागाच्या ग्रंथालयात एक उपयुक्त मराठी पुस्तिका तयार होईल.

कर्वेनगरला या कामाचा आरंभ करणे इतरांहून सोपे जावे. १९१६ साली महिला विद्यापीठाचा प्रारंभ याच हिंगण्याच्या भूमीवर झाला. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या परिसरात बालवाडीपासून अभियांत्रिकीपर्यंत शिकणाऱ्या मुली आहेत. मुलींच्या बाबतीत तर या शिक्षणाचे प्रयोजन दुहेरी आहे. मुलगा घाबरला तर त्याला चिडवतात, मुलगी घाबरली तर तिला घरी नेतात. भीतीबरोबर राहून काम करण्याची संधी दोघांनाही मिळत नाही, पण मुलीला ती अधिक लवकर नाकारली जाते.

वेळेचाही प्रश्न नाही. जून उजाडला की सिंहगडाच्या वाटा निसरड्या होतात, कडे ओले होतात आणि प्रस्तरारोहणाचे दोर खुंटीला लागतात. खडकवासल्यातून पाणी सुटले की नदीकाठचा रस्ता बंद होतो, आणि उरलेल्या रस्त्यांवर साचलेल्या पाण्यात चाकांचे बूट चालत नाहीत. पावसाळ्याचे चार महिने हे खेळाडू घरी बसून असतात. महाविद्यालयांचे सत्र नेमके तेव्हाच सुरू होते, आणि संध्याकाळी साडेपाचनंतर तेथील वर्ग रिकामे असतात.